पॉवर स्टेअरिंगचा आवाज आणि हरवणारं तेल

दोह्यात पंधरा-वीस वर्षांपूर्वीची लँड क्रूझर, पॅट्रोल, पजेरो किंवा कॅमरी अजून हौसेने वापरणारी मराठी घरं बरीच आहेत. इंजिन दणकट असतं, सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात आणि शुक्रवारी सीलाइनच्या किनाऱ्यावर जाता येतं. अशा गाडीत एसीच्या खालोखाल कुरबूर करतं ते पॉवर स्टेअरिंग. सकाळी बेसमेंटमधून गाडी काढताना चाक वळवलं की बॉनेटखालून कण्हल्याचा आवाज येतो. काही आठवड्यांनी स्टेअरिंगच्या डब्यातलं तेल खाली गेलेलं दिसतं. आणि गॅरेजमध्ये निकाल ठरलेला असतो: पंप गेला, बदला.

पंप कधीकधी खरंच गेलेला असतो. पण आवाज आणि तेल कमी होणं या दोन तक्रारी जोडीने आल्या, तर आधी तेलाचा माग काढायचा आणि आवाजाकडे नंतर वळायचं. तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो, हवेमुळे आवाज येतो, आणि त्या आवाजाकडे दुर्लक्ष केलं की मग पंप झिजतो. हा क्रम उलटा धरला तर नवा पंपही वर्षभरात तसाच कण्हायला लागतो. ज्यांच्या बॉनेटखाली स्टेअरिंगच्या तेलाचा डबाच नाही, म्हणजे यारिस किंवा जॅझसारख्या इलेक्ट्रिक स्टेअरिंगच्या गाड्या, त्यांच्यासाठी हा लेख नाही. तिथे पंपही नाही आणि तेलही नाही.

आत काय चालतं

इंजिनच्या बेल्टवर फिरणारा एक छोटा पंप असतो. त्याच्या आत खाचांमधून सरकणारी पातळ पोलादी पाती असतात. तो डब्यातून तेल ओढतो आणि जाड होजमधून चाकं वळवणाऱ्या रॅककडे, किंवा जुन्या धाटणीच्या जीपगाड्यांत स्टेअरिंगच्या गिअरबॉक्सकडे, दाबाने पाठवतो. स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक व्हॉल्व्ह असतो. तुम्ही चाक वळवलंत की तिथली एक बारीक पोलादी सळई किंचित पिळते, तेवढ्या पिळाने व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल रॅकमधल्या किंवा गिअरबॉक्समधल्या पिस्टनच्या योग्य बाजूला जाऊन चाकं ढकलतं. काम झालेलं तेल कमी दाबाच्या पाइपमधून डब्यात परत येतं. बऱ्याच गाड्यांत ते वाटेत रेडिएटरपुढच्या एका वाकवलेल्या नळीतून गार होतं. सगळं मिळून तेल असतं एक लिटरच्या आसपास.

सरळ रस्त्यावर या तेलाचा दाब मामुली असतो. चाक एका टोकापर्यंत नेऊन धरलं की तोच दाब १,००० पीएसआयच्या पुढे जातो. टायरमध्ये आपण ३२ ते ३५ पीएसआय हवा भरतो, यावरून या आकड्याचा अंदाज यावा. एवढा दाब सोसायचं काम शेवटी करतात ती रबराची सीलं आणि होज.

ही युक्ती तशी जुनी. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्ये ती पिअर्स-ॲरो गाडीवर चालवून दाखवली. विकाऊ मोटारीत ती यायला १९५१ उजाडलं, क्रायस्लर इंपीरियलमध्ये. आपल्याकडे शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला झेडएफ स्टेअरिंग गिअरचा कारखाना १९८०च्या दशकापासून ट्रक-बससाठी याच तत्त्वावरची स्टेअरिंगं बनवत आला आहे. तत्त्व फारसं बदललेलं नाही, त्यामुळे जुन्या गाडीचे दोषही ओळखीचेच असतात.

कतारचं ऊन

दोह्यात जुलै २०१० मध्ये ५०.४ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. हे सावलीतलं. सिग्नलला एसी चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली काय असतं, ते हात घालून पाहू नका. तेल उष्णतेने काळं पडतं, त्यातली घर्षण कमी करणारी द्रव्यं संपतात, आणि रबर आधी टणक होतं, मग चिरतं. म्हणून पुण्यात पंधरा वर्षं टिकणारा होज इथे निम्म्या वयात घाम गाळायला लागला, तर नवल मानू नये.

दुसरा शत्रू धूळ. रेडिएटरपुढची ती गार करणारी नळी वाळू आणि किड्यांनी लिंपली जाते, आणि तेल गार व्हायचं थांबतं. गाडी धुताना तिथे कुणी पाणी मारत नाही. तिसरा शत्रू मीठ. सीलाइनच्या किनाऱ्यावर किंवा सबखा म्हणतात त्या खारट दलदलीच्या जमिनीवर फिरलेल्या गाडीच्या लोखंडी नळ्या बाहेरून गंजतात. नळी जिथे क्लिपने चासीला धरलेली असते, तिथे क्लिपखाली मिठाचा चिखल साठतो आणि नेमकं तिथेच छिद्र पडतं.

चौथं कारण आपलं स्वतःचं. शाळांना सुट्टी लागली की जुलै-ऑगस्टमध्ये घरं बंद करून मंडळी भारतात जातात आणि गाडी सहा-सात आठवडे उन्हात उभी राहते. न हललेल्या जुन्या सीलच्या कडा सुकतात. परत आल्यावर पहिल्यांदा गाडी सुरू केली की आवाज येतो, तो बहुतेकदा या मुक्कामाचा असतो. अशा वेळी घाईने चाक गरागरा फिरवू नका. आधी डबा बघा.

पातळी पाहण्यातली गंमत

डब्यावर दोन खुणा असतात: गरम आणि थंड. टोयोटाच्या पुस्तिकेत त्यांचा अर्थ स्पष्ट दिलेला आहे. गाडी ताशी ८० किलोमीटरने वीसेक मिनिटं चालली आणि तेल ६० ते ८० अंशांवर आलं, तर गरमची खूण पाहायची. इंजिन पाच तास बंद आहे आणि हवा १० ते ३० अंशांची आहे, तर थंडची.

आता जूनमधल्या दोह्याचा विचार करा. रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडीसुद्धा सकाळी ३० अंशांच्या वर असते. दुपारी पार्किंगमध्ये ४५ सहज होतात. तेल तापलं की फुगतं, एक लिटरमागे पंधरा-वीस मिलिलिटर तरी. अरुंद डब्यात तेवढ्याने पातळी चांगलीच वर दिसते. म्हणजे थंडच्या खुणेपाशी तेल आहे म्हणून निश्चिंत झालात, तर प्रत्यक्षात ते कमी असू शकतं. उपाय सोपा: उन्हाळ्यात इथे गरमची खूणच प्रमाण माना, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी चालवून आल्यावर. हिवाळ्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी थंडची खूण बिनदिक्कत वापरा.

पातळी पाहतानाच तेलाचा रंग आणि वास बघा. निरोगी तेल लालसर आणि पारदर्शक असतं. तपकिरी झालं तर जुनं झालं. काळं आणि करपट वासाचं असेल तर खूप तापलेलं आहे. बोटांमध्ये चोळल्यावर रुपेरी भुगा चमकला, तर पंपाची पाती किंवा त्याची घरं झिजत आहेत, आणि इथे मात्र गॅरेजवाल्याचा निकाल बरोबर असतो. काळे चिकट कण असतील तर होज आतून सुटतो आहे.

आणखी एक परीक्षा घरी करता येते, तिला पेन आणि पट्टी सोडून काही लागत नाही. इंजिन चालू ठेवून डब्यातली पातळी पेनाने खूण करून घ्या. इंजिन बंद करा, काही मिनिटं थांबा, पुन्हा पाहा. पातळी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वर आली, तर तेलात हवा आहे. टोयोटाच्या वर्कशॉप पुस्तिकेतलीच ही मर्यादा आहे. चालू इंजिनवर हवेचे बुडबुडे दाबले गेलेले असतात, बंद केल्यावर ते फुगतात, इतकं साधं त्यामागचं शास्त्र. झाकण उघडल्यावर वर फेस दिसत असेल, ताक नुकतंच घुसळल्यासारखा, तर पट्टीचीही गरज नाही.

आवाज कसले कसले

चिरकी किंचाळी, गाडी सुरू करताना किंवा चाक टोकाला नेताना, एक-दोन सेकंद: हा बेल्ट. सैल झालेला, चकाकी आलेला किंवा तेलाने भिजलेला. बेल्ट वाजवीपेक्षा जास्त ताणून आवाज बंद करणारे मेकॅनिक भेटतात. त्याने आवाज जातो आणि काही महिन्यांत पंपाचं बेअरिंगही जातं.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारं आणि उतरणारं कण्हणं, चाक वळवताना वाढणारं: हवा, कमी तेल, किंवा तेल ओढण्याच्या वाटेत अडथळा. डब्याच्या तळाशी बारीक जाळी असते, ती गाळाने भरली की पंपाला पुरेसं तेल मिळत नाही. बऱ्याच डब्यांची जाळी निघत नाही, डबाच बदलावा लागतो, पण तो पंपाच्या मानाने स्वस्त असतो. म्हणून या आवाजाला पहिला संशयित डबा, दुसरा डब्यातून पंपाकडे जाणारा पाइप, आणि पंप तिसरा.

चाक पूर्ण टोकाला धरल्यावरचा सूं असा आवाज हा दोष नव्हे. दाब हद्दीबाहेर गेला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, त्याचा तो आवाज. मात्र चाक तसं पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये, तेल झपाट्याने तापतं. मॉलच्या पार्किंगमध्ये जागा मिळेपर्यंत चाक टोकाला धरून बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

ठक्क असा एकच ठोका, खड्ड्यावरून जाताना किंवा चाक एका बाजूकडून दुसरीकडे नेताना: याचा तेलाशी संबंध नाही. टाय रॉड, बॉल जॉइंट, रॅकचे रबरी बुश किंवा स्टेअरिंगच्या दांड्याचा सांधा तपासायला लावा. हा आवाज पंपाचा म्हणून सांगणारा मेकॅनिक सोडून द्या.

थेंब नाही, पण हवा आत जाते

तेल बाहेर पडण्यासाठी जागा लागते, तशी हवा आत शिरायलाही. दाबाच्या बाजूला फट पडली तर तेल बाहेर उडतं. ओढण्याच्या बाजूला फट पडली तर उलट घडतं, पंप तिथून हवा ओढतो आणि जमिनीवर एक थेंबही पडत नाही. २००३ ते २००७ च्या होंडा अकॉर्डची ही खोड जगभर प्रसिद्ध आहे. पंपाच्या तोंडाशी असलेली अंगठीएवढी रबरी ओ-रिंग टणक होते, तिच्या कडेने हवा जाते, डब्यात फेस येतो आणि गाडी कण्हू लागते. ओ-रिंग चहाच्या पैशांत येते. ती न पाहता पंप बदलला गेल्याची उदाहरणं कोणत्याही देशात भेटतील, कारण नव्या पंपाबरोबर ओ-रिंगही नवी येते, आवाज थांबतो, आणि पंपच खराब होता हे सिद्ध झाल्यासारखं वाटतं.

जुन्या जपानी जीपगाड्यांत ओढण्याच्या पाइपवरची स्प्रिंगची क्लिप ढिली होऊन हाच प्रकार होतो. इंजिन चालू ठेवून त्या जोडावर थोडं स्टेअरिंगचं तेल चोळा. आवाज क्षणभर कमी झाला तर फट सापडली. हे करताना बेल्ट आणि पंख्यापासून बाही सांभाळा.

गळती शोधताना

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा, सकाळी डाग पाहा. दोह्याच्या उन्हाळ्यात त्यावर पाण्याचं तळं असेल, ते एसीचं, त्याची काळजी नको. लाल डाग दिसला तरी लगेच स्टेअरिंगवर आरोप करू नका. टोयोटाचं कूलंट लाल किंवा गुलाबी असतं, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेलही लाल. वाटीभर पाण्यात थेंब टाका. कूलंट विरघळतं, तेल वर तरंगतं. जीपगाड्यांत गिअरबॉक्सचा डाग गाडीच्या मधोमध पडतो, स्टेअरिंगचा पुढच्या चाकांच्या आसपास.

पुठ्ठ्याने दिशा कळते, ठिकाण नाही. तेल नेहमी खाली आणि वाऱ्याने मागे वाहतं, त्यामुळे सगळ्यात ओलं दिसतं ते गळतीचं ठिकाण क्वचितच असतं. इंजिनची ती बाजू डीग्रीझरने धुवून, कोरडी करून, दोन दिवस चालवा आणि मग टॉर्च लावा. सगळ्यात उंचावरचा ओला ठिपका हाच उगम. काही गॅरेजेस तेलात फ्लोरोसंट रंग घालून निळ्या दिव्याखाली पाहतात. जुन्या, आधीच तेलकट इंजिनवर ही पद्धत उत्तम.

पंपाच्या पुलीमागचं सील गळलं तर तेल पुलीवरून चारी बाजूंना उडतं आणि बेल्ट भिजतो. दाबाच्या होजची गळती बहुतेक त्याच्या पितळी किंवा लोखंडी टोकाशी, जिथे रबर चिमटून बसवलेलं असतं तिथे सुरू होते. सुरुवातीला ते टोक फक्त ओलसर दिसतं आणि त्याला धूळ चिकटते. ओलसर टोक म्हणजे सूचना, ती सोडू नये. हा होज एक्झॉस्टजवळून जात असेल तर गोष्ट गंभीर. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या तेलाची वाफ दोनशे अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी तापतो.

रॅकची गळती सगळ्यात लबाड. कॅमरी, अकॉर्ड किंवा १९९८ नंतरच्या स्वतंत्र सस्पेन्शनच्या लँड क्रूझर १०० मध्ये रॅक असतो. त्याच्या दोन टोकांना घडीचे रबरी बूट असतात. आतलं सील गेलं की तेल जमिनीवर न पडता बुटात साठतं. सनायातल्या, म्हणजे इंडस्ट्रियल एरियातल्या, एका गॅरेजमध्ये हे जवळून पाहिलं होतं. बाहेरून बूट कोरडा, धुळकट. मेकॅनिकने दोन बोटांनी तो दाबला आणि आत काहीतरी डुचमळलं. मग त्याने छोटी क्लिप स्क्रूड्रायव्हरने उचकटली, खाली ट्रे धरला, बुटाची कड मागे सरकवली. अर्धा कपभर काळपट लाल तेल खाली आलं, आणि मालकाला तीन महिने कुठे तेल जातंय त्याचं उत्तर मिळालं. हे तुम्हीही करू शकता. गाडी सुरक्षित स्टँडवर घ्या आणि बूट नुसता चिमटून पाहा. बऱ्याच रॅकना दोन्ही बूट जोडणारी हवेची बारीक नळी असते, तिच्यातून तेल पलीकडच्या बुटात जातं, म्हणून दोन्ही तपासा.

निस्सान पॅट्रोलच्या वाय६१ मध्ये आणि जुन्या लँड क्रूझर ८० मध्ये रॅक नसतो, चासीला बोल्ट केलेला गिअरबॉक्स असतो. त्याच्या खालून निघणाऱ्या जाड शाफ्टचं सील गळतं. हे सील बदलता येतं. पण शाफ्टला खाच पडली असेल तर नवं सीलही महिन्याभरात गळायला लागतं. मेकॅनिकला जुनं सील काढल्यावर शाफ्टवरून नख फिरवून दाखवायला सांगा. नख अडकलं तर नुसतं सील पुरणार नाही.

जमीन कोरडी, बूट कोरडे, तरी डबा रिकामा

हा प्रकार माणसाला वेड लावतो. १९९०च्या दशकातल्या बऱ्याच टोयोटा आणि लेक्सस पेट्रोल गाड्यांत तो आढळतो; लेक्सस एलएस ४०० तर त्यासाठी नावाजलेली आहे.

चाक टोकाला नेलं की पंपाचा भार इंजिनवर येतो आणि उभ्या गाडीचं इंजिन बंद पडायला आल्यासारखं दचकतं. ते टाळायला पंपावर एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तेलाचा दाब वाढला की तो इनटेककडे थोडी जादा हवा सोडतो आणि आयडल वर राहतं. त्याला दोन बारीक रबरी नळ्या असतात, एक हवा घेणारी, एक इनटेक मॅनिफोल्डकडे जाणारी. या व्हॉल्व्हचं आतलं सील फाटलं की इनटेकचा व्हॅक्यूम सरळ पंपातलं तेल ओढू लागतो. तेल इंजिनमध्ये जळतं. बाहेर काही दिसत नाही, फक्त एक्झॉस्टमधून निळसर पांढरा धूर, विशेषतः पार्किंगमध्ये चाक वळवताना.

यानंतरची शोकांतिका अशी की धूर पाहून लोक इंजिन उघडायला लावतात. पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह सील, हजारो रियालांचं काम. ते सांगण्याआधी एक मिनिट द्या: इंजिन बंद करून त्या दोन्ही बारीक नळ्या उपसा आणि आत इअरबड घाला. बड लाल ओला निघाला तर चोर सापडला. व्हॉल्व्ह येईपर्यंत दोन्ही नळ्यांची तोंडं घट्ट बंद केली तरी गाडी चालते, फक्त टोकाला वळवताना इंजिन थोडं दबतं.

वाळूतून आल्यावर

सीलाइनच्या टेकड्यांवर किंवा खोर अल-उदैदकडे जाताना टायरची हवा निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली आणतात. रुतलेल्या गाडीत, चपटलेल्या टायरवर, उभ्या जागी चाक फिरवणं हे पंपासाठी वर्षातलं सगळ्यात कठीण काम. दाब सतत कमाल मर्यादेवर, तेल तापलेलं, आणि गाडी हलत नसल्याने गार करणाऱ्या नळीवर वारा नाही. गाडी थोडी तरी हलत असताना वळवा, रुतली असेल तर चाकं सरळ करून मागे काढा. मऊ वाळूत उभ्याने चाक टोकापासून टोकापर्यंत फिरवून खड्डा मोठा करण्याची सवय पुष्कळांना असते. त्याने गाडी निघत नाही, पंप मात्र जातो. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा आणि त्याच आठवड्यात डबा पाहा.

कोणतं तेल

झाकणावर लिहिलेलं. एवढं वाक्य पुरायला हवं, पण पुरत नाही. जुन्या टोयोटांना ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं डेक्स्रॉन २ किंवा ३ दर्जाचं लाल तेल लागतं. होंडाला तिचं स्वतःचं स्टेअरिंग तेलच लागतं, लाल तेल चालत नाही. बीएमडब्ल्यू, आउडी, फोक्सवॅगनच्या कित्येक गाड्यांना हिरवं सीएचएफ तेल लागतं, आणि त्यात लाल तेल मिसळलं तर सीलं फुगतात किंवा फेस येतो. पेट्रोल पंपावर कुणी घाईघाईत "सब में चलता है" म्हणून बाटली उघडली, तर नको म्हणा.

गळती थांबवणारी औषधं मिळतात, ती सीलचं रबर फुगवतात. विकायच्या आधी किंवा गावाला जायच्या आधी काही आठवडे निभावतील. त्याहून अधिक भरवसा त्यांच्यावर नको, आणि नवी सीलं बसवल्यावर तर अजिबात नाही.

हवा काढणं

पाइप, पंप किंवा रॅक काही उघडलं की हवा आत गेलीच. पुढची चाकं जमिनीपासून उचला, डबा भरा आणि इंजिन बंद ठेवून चाक सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला वीसेक वेळा फिरवा, मध्ये मध्ये तेल घालत. मग इंजिन सुरू करून पुन्हा काही वेळा, टोकाला न धरता. फेस दिसला तर तासभर सोडून द्या आणि पुन्हा करा. आधी इंजिन सुरू करून हवा काढू पाहणाऱ्याच्या हातून बुडबुडे अधिकच बारीक होतात आणि निघायला दिवस लागतात. नवा पंप बसवून गाडी हातात देताना तो कण्हत असेल तर बहुतेकदा हेच झालेलं असतं.

सनायात गेल्यावर

सकाळी लवकर जा. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम करायला बंदी असते, आणि ते योग्यच आहे. ज्या गॅरेजचं आवार उघडं आहे तिथे दुपारी गाडी नुसती उभी राहील. हिंदीत बोला, समोर केरळचा, नेपाळचा, बांगलादेशचा किंवा पाकिस्तानचा माणूस असतो आणि हिंदी सगळ्यांना पुरते. "आवाज येतो" एवढं सांगू नका. थंड असताना की गरम, सरळ की वळताना, इंजिनच्या वेगाबरोबर वाढतो का, तेल किती दिवसांत किती घालावं लागलं, हे सांगा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून नेला तर उत्तम, कारण गॅरेजच्या दारात गाडी हमखास शहाण्यासारखी वागते.

काढलेला भाग परत मागा. पंप बदलणार असतील तर जुनं तेल पूर्ण काढून, डबा धुवून किंवा बदलून घ्या; भुग्याचं तेल नव्या पंपात गेलं तर तोही झिजतो. स्क्रॅपमधला रॅक घ्यायला हरकत नाही, पण बूट उचकटून आत कोरडं आहे हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. दाबाचा होज मात्र जुना घेऊ नका, त्याचं वय बाहेरून कळत नाही. इस्तिमारा, म्हणजे गाडीची नोंदणी, नव्याने करायच्या वेळी फाहेसच्या तपासणीत गाडी जायची असेल, तर गळतीचं काम आधी उरका आणि खालची बाजू धुवून न्या. जुना डागही गळतीच दिसतो.

कधी थांबायचं

आठवड्याला थोडं तेल घालून चालवता येणारी गळती आणि गाडी बाजूला घ्यावी अशी गळती, यांत फरक आहे. तेल एक्झॉस्टवर पडून धूर येतोय, डबा एका फेरीत रिकामा होतोय, किंवा चाक एकदम जड झालं, तर गाडी पुढे नेऊ नका. पॉवर गेली तरी स्टेअरिंगची यांत्रिक जोडणी कायम असते, चाकं वळतात. पण अडीच टनांची गाडी राउंडअबाउटमध्ये हाताच्या बळावर वळवायची वेळ अंगाशी येऊ शकते. रिकामा पंप आतून खरवडला जाऊन अडकला की बेल्टही तुटतो. ज्या इंजिनांत एकच लांब बेल्ट सगळं फिरवतो, तिथे त्याबरोबर अल्टरनेटर जातो आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही. मग ऑगस्टमधल्या दुपारी इंजिन तापायला काही मिनिटंही पुरतात, आणि ओ-रिंगच्या खर्चात भागणारं काम सिलिंडर हेडपर्यंत जातं. अशा वेळी टो ट्रक बोलवा, तो स्वस्त पडतो.